तीन हिसके

टेकचंदभाऊंचं मोहाडीत कोसा साड्यांचं दुकान. कुलूप लावलं की त्याला तीन हिसके द्यायचे आणि मगच पाठ फिरवायची, हा त्यांचा बावीस वर्षांचा नेम.

समोर नव्यानंच दुकान थाटलेला अंकुश टेलर परवा म्हणाला, "काका, तुमच्या दाराचा कोयंडा ढिल्ला झाला. बदलून घ्या."

तेव्हापासून भाऊंच्या डोक्यात किडा वळवळत होता. "ह्याले माह्या कोयंड्याची काहून पडली? कपडे शिवते का लोकांचे दारं तपासते?"

"भल्यासाठीच सांगून राहिला तो," राधाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"चोर बी गोडच बोलते!"

आज भाचीच्या लग्नाला नागपूरला निघायचं होतं. लग्नसराईचा सगळा माल आत, दुकान दोन दिवस बंद. राधाबाई ऑटोत बसून हाका मारत होत्या, आणि समोर अंकुश मशीन थांबवून इकडंच पाहत होता. पाह्य म्हणा लेका, कुलूप कसं असते ते! भाऊंनी आज तिनाचे सात हिसके केले, तेही अंगातलं सगळं बळ लावून.

सातव्या हिसक्याला कोयंडा चौकटीतून उपटून त्यांच्या हातात आला; त्याला कुलूप मात्र एकदम पक्कं लागलेलं होतं.