अकरा काचा

प्रयोगशाळेतल्या बसलिंगप्पांनी एक काच उजेडात धरली. मग दुसरी. अकराच्या अकरा काचा लख्ख होत्या. रक्ताचा डाग नाही, पेन्सिलीचा नंबर नाही. सोबतच्या फॉर्मवर मात्र अकरा तापकऱ्यांची नावं होती.

"निवृत्ती, झाडाखाली बसून नावं लिहिलास काय?"

निवृत्ती आरोग्यसेवक. वाडीवस्तीवर तापाच्या माणसाचं बोट टोचायचं, काचेवर रक्त घ्यायचं, वाळवायचं आणि हिवताप तपासायला उदगीरच्या प्रयोगशाळेत आणायचं. नोकरी अजून कच्ची होती. लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं; फॉर्मवरचं उस्मानाबाद खोडून लातूर लिहावं लागे. नव्या साहेबांना धाक बसवायला कुणीतरी हवंच होतं. रक्त खरंच घेतलं, एका ओट्यावर वाळवलं, एवढंच तो बिचारा सांगत राहिला.

बसलिंगप्पा मुळात चौकस माणूस. साहेबांकडे निवृत्तीचा रिपोर्ट लिहिता लिहिता थांबले. एका काचेच्या कडेला करडी रेघ होती. राख! कोऱ्या काचेला राख कशी लागेल? त्यांनी निवृत्तीला घेतलं आणि सरळ एसटी गाठली.

ओटा कोंडाबाईचा होता. यादीत पहिलं नावही तिचंच. विचारल्याबरोबर म्हातारीनं सांगून टाकलं. रक्त वाळेपर्यंत निवृत्ती बाकीच्या घरी कुणाला ताप आहे का विचारत होता, तेवढ्यात तिनं काचा धुऊन, पुसून डब्यात भरल्या होत्या. यानं डबा न उघडताच उचलला होता.

बसलिंगप्पांनी रिपोर्ट फाडला. नोकरी वाचली, पण निवृत्तीचा राग काही उतरेना. नव्यानं टोचायला त्यानं म्हातारीचं बोट जरा जोरातच ओढलं. बोट चटका बसावा इतकं गरम होतं.

बसलिंगप्पांचं कोडं अजून सुटलं नव्हतं. वाळलेलं रक्त नुसत्या राखेनं निघत नाही, पाणी लागतं. आणि या दुष्काळात गावची भांडीसुद्धा कोरड्या राखेनं घासली जात होती. नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावर वाटीवाटीनं घागर भरायला अर्धा दिवस जायचा. त्यांनी विचारलं, पाणी आणलंस कुठून?

कोंडाबाईनं उशाचा रिकामा तांब्या दाखवला.

"माझ्या वाटणीचं व्हतं. तापात तहान लई लागली, पर उन्हात हिंडणाऱ्या लेकराला रगताच्या काचा घेऊन कसं धाडावं?"