गालावरची शाई

छापखान्याच्या मालकीणबाईंनी ताजा छाप उजेडात धरला. आरशात बघत बसलेली गर्विष्ठ बाई, तिच्या खांद्यामागे कवटी, खाली उपदेश: रूप आज आहे, उद्या नाही.

“योस, कवटी बघा कशी ठणठणीत आहे. बाईला मात्र तोंडच उरलं नाही. सगळं अँटवर्प हसतंय मला. कुणाचंही तोंड कोरा, पण जत्रेआधी कोरा.”

योस तांब्याचा पत्रा घेऊन खिडकीशी बसला. पहिल्यांदा पत्रा कोरताना कवटी त्याने खोल कोरली होती. गालाच्या रेघा केसासारख्या बारीक, छापून छापून त्याच आधी झिजल्या. कुणाचंही तोंड कोरणं त्याला जमणार नव्हतं. हे तोंड त्याच्या बायकोचं, लिसबेटचं होतं. लिसबेट हिवाळ्यात गेली आणि तिचं दुसरं चित्र कुठे नव्हतं.

डोळे जमले. हनुवटी जमली. मग हात थांबला. तीळ कुठल्या गालावर होता? पत्र्यावर त्याची खूणही उरली नव्हती आणि जुने चांगले छाप केव्हाच विकले गेले होते. पत्र्यावर डावीकडे कोरलेलं कागदावर उजवीकडे येतं, म्हणून कोरणारा सगळं उलटंच कोरतो. आयुष्यभर उलटं कोरून योसला आता सुलटं आठवेना. इतकी वर्षं एका घरात राहून बायकोचा तीळ आठवू नये, या विचाराने त्याला घाम फुटला.

मग आठवलं. पहिला छाप घेऊन लिसबेट थेट आरशापुढे गेली होती आणि पोट धरधरून हसली होती. “अहो, ही तर आरशातली मी! उलटं कोरायचं विसरलात ना?”

विसरला होता खरा. तिच्याकडे बघता बघता, समोर दिसली तशीच कोरली होती. म्हणजे पत्र्यावरची लिसबेट उलटी नव्हती, त्याच्याकडे तोंड करूनच बसली होती.

त्याने पत्रा समोर धरला. कामाला निघताना तो रोज तिच्या गालावरचा तीळ अंगठ्याने पुसायचा आणि शाई लागलीय म्हणायचा. अंगठा आपोआप जागेवर गेला. तिथे त्याने तीळ कोरला, कवटीच्या डोळ्याइतका खोल.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई नव्या छापावर खूश झाल्या, मग कपाळाला आठी घालून वाकल्या. “आणि ही गालावर शाई सांडली का?” त्यांनी बोट ओलं केलं.

“पुसा, बाई,” योस म्हणाला. “गेली तर सांगा.”