पिन निघेना

"आणखी एक थेंब," सासरे म्हणाले, आणि सुनेने तेलाची कुपी पिस्तुलावर तिरकी केली.

तेल पिनेच्या कडेने पसरलं आणि तिथेच थांबलं. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली होती. चादरीवर झिजलेला दातांचा ब्रश, सुती चिंध्या, लाकडाची एक खुंटी, आणि मधोमध ते पिस्तूल. अर्धा तास झाला, हट्टी पोरासारखं अडून बसलं होतं.

सासऱ्यांनी पोलिसांच्या शस्त्रागारात एकतीस वर्षं हत्यारं दुरुस्त केली होती. अख्खी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते स्वतःचं पिस्तूल साफ करायचे, तेही खोलीचं दार लावून. आज मात्र सून आधीच टेबलापाशी खुर्ची ओढून बसली होती आणि उठायचं नाव घेत नव्हती.

"तुझी कामं नाहीत का आज?"

"उरकली सगळी."

"मग जरा पड जा. या वासानं डोकं धरेल."

"धरू दे. मला बघायचंय, कसं उघडतात ते."

बघण्यासारखं काही घडणार नव्हतं. हे पिस्तूल उघडायचंच नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती नक्कल होती, आणि तिनेच ती कपाटात ठेवली होती.

गेल्या महिन्यात सासरे गॅस चालू ठेवून फिरायला गेले. पुढच्याच आठवड्यात शेजाऱ्यांच्या दाराला आपली किल्ली लावत उभे राहिले. अशा माणसाच्या हाताशी पिस्तूल? नवरा जहाजावर, आठ-आठ महिने घराबाहेर, विचारणार कुणाला? सासरे आंघोळीला गेलेले पाहून तिने अदलाबदल केली. कपाटातलं टॉवेलात गुंडाळून कपडे धुण्याच्या पावडरच्या डब्यात गेलं. कोणे एके काळी ती मैत्रिणींना सांगायची, "बाबांचं पिस्तूल घरात आहे ना, म्हणून मला बिनघोर झोप लागते." आता त्याच पिस्तुलाने तिची झोप उडवली होती.

नक्कल हुबेहूब होती. गोळ्यांचं मॅगझीन निघायचं, नळीवरची स्लाइड मागे सरकायची. पण साफ करायचं म्हणजे सगळं सुटं करायचं, हे तिला आज सकाळी कळलं. "नेमकं काय करता हो तुम्ही?" असं तिनेच विचारलं, आणि सासरे जरा थांबून म्हणाले, "सुटं करतो. दुसरं काय?"

त्यांना कळलं, तर या घरात आपल्याला वेड्यात काढलंय हेही कळेल. मग दोनच माणसांच्या या घरात एकमेकांकडे बघायचं कसं?

"पुन्हा पहिल्यापासून," सासरे म्हणाले. त्यांनी मॅगझीन काढून बाजूला ठेवलं, स्लाइड ओढून आत पाहिलं, मग करंगळी घातली. "आत गोळी राहिली नाही ना, हे डोळ्यानं बघायचं आणि बोटानं चाचपायचं. डोळा फसतो."

"आणि बोट?"

"बोटाला चष्मा लागत नाही."

ती हसली. ते हसले नाहीत.

"आता स्लाइड एवढी मागे घे, की ही खाच पिनेच्या बरोबर समोर येईल. केसभर इकडेतिकडे झालं तरी पिन सुटत नाही. हं, धर घट्ट."

तिने दोन्ही हातांनी धरली. त्यांनी पलीकडून खुंटी टेकवून दाबली. पिन ढिम्म.

"खाच चुकली असेल," ती घाईने म्हणाली.

"चुकली असेल."

पुन्हा धरलं, पुन्हा दाबलं.

"मळ बसला असेल, बाबा."

"हो, जुनं तेल गोंदासारखं होतं."

"नाहीतर स्प्रिंग."

"स्प्रिंगही असेल."

ती एकेक सबब पुढे करत होती आणि सासरे ती निमूट उचलत होते. नळाच्या आट्यावरून प्लंबरशी तासभर हुज्जत घालणारा हा माणूस! तिला भडभडून आलं.

"शस्त्रागारातल्या तुमच्या त्या शिष्याला बोलावू का?" तिने उगाच विचारलं.

"नको, नको! त्याला कशाला त्रास?"

तिचा जीव भांड्यात पडला. पण तेवढ्यात सासऱ्यांनी खुंटी खाली ठेवली आणि तेलकट तळवे उलटे करून पाहिले.

"राहू दे, सूनबाई. पिस्तुलात काही बिघाड नाही. माझेच हात गेलेत. एकतीस वर्षं डोळे मिटून उघडली, आता एक पिन हलत नाही."

एवढं मात्र तिला ऐकवेना. पिस्तूल तसंच सोडून ती आत गेली. आली ती टॉवेलाचं बोचकं घेऊनच. ते तिने त्यांच्यापुढे ठेवलं.

"हात कुठे गेले नाहीत तुमचे. देवाशपथ सांगते, बाबा. हे टेबलावरचं खोटं आहे. तुमचं मी लपवलं होतं. त्या गॅसनंतर मला भीती वाटायला लागली. मला काय बोलायचं ते बोला, पण हातांना दोष देऊ नका."

सासऱ्यांनी बोचक्याची गाठ सोडली नाही. टेबलावरचं पिस्तूल उचलून त्यांनी उलटसुलट करून पाहिलं.

"हे कुठून आणलंस?"

"पुलाखाली तो म्हातारा नाटकाचं सामान भाड्यानं देतो ना, त्याच्याकडून. विकतच घेतलं."

सासऱ्यांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलायला लागले. रडताहेत असं वाटून ती धावत जवळ गेली. ते हसत होते.

"लबाड मेला! दोन वर्षांपूर्वी खरं पिस्तूल चौकीत जमा करून मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा मला शपथेवर म्हणाला होता, असं एकच उरलंय."