पुरुषभर छाटणी

“एका फांदीला जरी हात लावलात, तर गाठ माझ्याशी आहे!” घड्याळजी वाट अडवून उभे राहिले. पायात घरातल्या चपला, हातात वही.

मुकादमबाईंनी कामगारांना करवती खाली ठेवायला सांगितल्या. महिन्याभरातली ही त्यांची तिसरी खेप. बदली होऊन त्या इथे आल्या आणि पहिल्याच कामाला हे म्हातारबुवा भेटले. उन्हाळा तोंडावर आलेला, मागच्या डोंगरावरचं गवत वाळून खडखडीत झालेलं. गेल्या उन्हाळ्यात तिथूनच वणवा खाली उतरला होता आणि झाडीपलीकडची तीन घरं त्याने गिळली होती. वारा फिरला म्हणून झाडी वाचली, आणि झाडी वाचली म्हणून अलीकडचं घड्याळजींचं घर वाचलं. दर वर्षी वारा थोडाच फिरतो? घरांना लागून असलेली झाडी साफ करा, असा कचेरीने हुकूम काढला होता. त्या झाडीत कोण राहतं, ते काही हुकमात लिहिलेलं नव्हतं.

ते घड्याळजींनी लिहिलं होतं. जन्मभर भिंग लावून बारीक चाकं जुळवलेला माणूस! चिमण्यांची अकरा घरटी, घुबडाची एक ढोली, खारी सात, ससे चार. सगळं तारखेनिशी.

“ससे मोजून देतात होय?” एका कामगाराने खोडी काढली.

“तुझ्यापेक्षा कमी पळतात,” घड्याळजी म्हणाले. बाकीचे चौघे खो खो हसले.

बाईंनाही हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. खरं सांगायचं तर झाड पाडलं की त्यांना दोन दिवस जेवण गोड लागत नसे. पण आधीच्या गावी वणवा पाहिलेल्या बाईला पाखरांचं कौतुक किती वेळ ऐकवणार? शेवटी त्यांचा आवाज चढला.

“काका, गेल्या वर्षी पलीकडच्या घरातली म्हातारी बाहेरच पडू शकली नाही. ऐकलंत ना?”

“ऐकलं,” घड्याळजी म्हणाले आणि वही मिटली.

चला, नेमक्या जागी लागलं, असं बाईंना वाटलं.

पण आता त्यांचाच पाय निघेना. म्हाताऱ्याचा पडलेला चेहरा त्यांना बघवेना. त्या गुडघ्यांवर बसल्या आणि सरळ झाडीत शिरल्या. अर्धा तास आत सरपटत होत्या. बाहेर आल्या तेव्हा केसांत काटक्या, कोपरावर ओरखडे, आणि चेहरा मात्र परीक्षेत पहिली आलेल्या मुलीसारखा.

“काका, आगीला वर चढायला शिडी लागते. खालचा पाचोळा, वाळकी झुडपं, लोंबलेल्या फांद्या ही तिची शिडी. ती काढून घेतली की आग जमिनीवरच बसते. पुरुषभर उंचीपर्यंत सगळं मोकळं करते. तुमची अकराच्या अकरा घरटी त्याच्या वर आहेत, मी बघून आले. ढोलीला धक्का नाही. सशांसाठी तिकडे ओढ्याकाठची झुडपं तशीच ठेवते. एकही झाड पाडत नाही. कचेरीला काय सांगायचं ते मी सांगेन. आता बोला!”

घड्याळजींनी वही उघडली, पुन्हा मिटली.

“खालचं थोडं ठेवता नाही येणार?” त्यांनी हळूच विचारलं.

“थोडं म्हणजे किती?”

“माझ्या डोळ्यांच्या उंचीएवढं.”

“अहो, तेच तर काढायचंय!” बाई हसल्या. “भलतेच चिवट हो तुम्ही. पाखरं सुखरूप राहणार, घर सुखरूप राहणार. आणखी काय हवं?”

वहीत मांडलेला एकूण एक जीव बाईंनी राखला होता. घड्याळजी वही काखेत मारून घरात गेले.

दुपारपर्यंत काम उरकलं. पाचोळा गाडीत भरला, फांद्या बांधल्या. बाईंनी मागे सरून पाहिलं आणि त्यांचं मन भरून आलं. वर हिरवा मांडव तसाच होता, त्यात चिवचिवाट तसाच होता, आणि खाली नुसते स्वच्छ बुंधे. असं काम रोज करायला मिळालं तर काय बहार येईल! शाबासकी घ्यायचीच म्हणून त्यांनी घड्याळजींच्या मागच्या दाराची कडी वाजवली.

दार उघडंच होतं. घड्याळजी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभे होते.

“काका, बघा तरी! एक घरटं हललं नाही.”

“बघतोय,” ते म्हणाले. पण ते वर बघत नव्हते.

बाई त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. बुंध्यांमधून आता थेट पलीकडचं दिसत होतं. एक काळा पडलेला चौथरा. त्यावर दाराची एकटी चौकट. बाकी काही नाही.

“माझ्या थोरल्या बहिणीचं घर ते,” घड्याळजी म्हणाले. “चाळीस वर्षं आम्ही एकमेकांना न बघता झाडीतून बोललो. सकाळी हाक मारायची मला. चहा झाला का रे, म्हणून.”

मघाशी आपण काय बोलून बसलो, ते आठवून बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“काका, मला ठाऊक नव्हतं हो...”

“तुमचं काही चुकलं नाही. काम फार चांगलं झालंय.” त्यांनी खिडकीची एक फळी ओढून घेतली, दुसरीवर हात तसाच राहिला. “वर्षभरात मी तिकडे फिरकलो नाही, बाई. झाडी होती तोवर वाटायचं, ताई पलीकडे आहे, नुसती दिसत नाहीये.”