देव्हाऱ्याखालचं शेवाळ

देव्हारा पुसताना कुंदाचा हात थबकला. तळाचं शेवाळ लालभडक झालं होतं.

परदेशी खोक्यांच्या लाकडावर बंदरातच हे हिरवं शेवाळ चढवत. आत अळी कुरतडू लागली की ते लाल होई. तिच्या क्रेनवाल्या नवऱ्याने, हिराजीने, तसल्याच फळ्यांचा देव्हारा केला आणि देवांना शोभत नाही म्हणून शेवाळ घासून टाकलं. तळाशी तेवढा कंटाळा केला.

"अहो, भोक अजून पडलेलं नाही, अळी आतच आहे. बाहेर पडली तर गावातला एक आंबा ठेवणार नाही. हा बेकरीच्या भट्टीत शेकून आणा."

"आणि देव?"

"बसतील परसातल्या आंब्याखाली."

संध्याकाळी देव्हारा कोमट होऊन परतला. भट्टीलाही न जुमानणारं ते शेवाळ पुन्हा हिरवंगार होतं.

कुंदाने देव उचलले. त्यांच्या डोक्यावर मोहोर सांडला होता. तो तिने झटकला नाही.