काटा हलला नाही

मुनीराने पंपाची मोटार चालू केली आणि इस्माईलकडे न बघता भिंतीवरच्या, वीज किती खेचली जाते ते दाखवणाऱ्या ॲमीटरकडे बघत उभी राहिली. काटा वर चढला, थरथरला आणि खाली येऊन मधल्या खुणेच्याही अलीकडे थांबला.

"थोडा वेळ जाऊ दे," इस्माईल म्हणाला. "सुरुवातीला तो असाच गरीब असतो."

भरे गावच्या माळावरची ही पत्र्याची शेड दोघांनी लग्नानंतर उभी केली होती. समुद्राचं पाणी पंपाने एका बारीक पडद्यातून दाबायचं; मीठ अलीकडे राहतं, पलीकडे गोडं पाणी येतं. पण गाळ आणि शेवाळ पडद्यावर बसे, पंपाला आणखी जोर लावावा लागे आणि मोटार वीज खात सुटे. ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात ती जळाली आणि इस्माईल आखातातल्या अशाच एका मोठ्या कारखान्यात नोकरीला गेला. मुनीरा शेड सोडून गेली नाही.

तो सुट्टीवर आला होता आणि उद्या परत जायचा होता. सुट्टीभर त्याने शेडचं नाव काढलं नव्हतं. आज मुनीराच त्याला पौडाच्या घरून घेऊन आली होती.

कोकणातून आणवलेल्या खाऱ्या पाण्याचे ड्रम एकामागून एक रिकामे होत गेले. बाहेर मदतीला येणारी गोजराबाई वाळू धूत बसली होती. काटा होता तिथेच राहिला. इस्माईलने मोटारीवर तळहात ठेवला, बराच वेळ ठेवला.

"तापली नाही," तो म्हणाला.

"पडदा बघा."

त्याने मोटार बंद केली, नळकांडं उघडलं आणि पडद्याची गुंडाळी बाहेर काढून दारातल्या उजेडात धरली. कडेवरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं. तो हसला. असा हसलेला तिने त्याला कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

"काय केलंस?"

"गाळणी बदलली. वर कोळशाचा भरडा, मग वाळू, तळाला जड बारीक वाळू. आधी सगळा गाळ वरच्या थरातच तुंबायचा आणि उरलेला पडद्यावर जायचा. आता प्रत्येक थर थोडा थोडा धरतो."

"आणि वीज?"

"जवळजवळ निम्मी."

इस्माईल टाकीभोवती फिरला. वाकून खालचे जोड बघितले, एक नट बोटाने चाचपला. मुनीराला वाटलं, आता हा शर्टाच्या बाह्या वर करील.

"तुमच्या तिकडच्या साहेबांना सांगा ना," ती म्हणाली. "एवढी वीज वाचते म्हटल्यावर..."

"तिकडं वीज वाचवून कुणाला काय करायचंय? तेल निघतं जमिनीतून. हवी तेवढी जाळतात." त्याने गुंडाळी जपून परत आत सरकवली. "पण काम छान आहे, मुनीरा. खरंच."

तिने झाकण त्याच्या हातात दिलं.

"समुद्राकाठच्या एका गावाने विचारलंय. विहिरी खाऱ्या झाल्यात त्यांच्या. वीज दिवसातून थोडाच वेळ असते, म्हणून आजवर कुणी मशीन बसवलं नाही. आता तेवढ्यात भागेल."

"मग दे की त्यांना."

"बसवायला दोघं लागतात. तिथं राहावं लागेल सहा-आठ महिने."

इस्माईल झाकणाचे बोल्ट आवळत होता. एक आवळून झाला, मग दुसरा.

"कोंडाजीला घे," तो म्हणाला. "फिटर चांगला आहे. माणूसही भरवशाचा आहे."

गोजराबाईने वाळूचं घमेलं बदललं. पाण्याचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

"मी करार वाढवून घेतलाय," इस्माईल म्हणाला. "आणखी तीन वर्षं."

"कधी?"

"यायच्या आधीच."

मुनीराने मान हलवली. त्याच्या हातातला पाना घेतला, फडक्याने पुसला आणि खिळ्याला अडकवला.

"तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली. "शेजारच्या शमशाद भाभींनी जेवायला सगळ्यांना बोलावलंय. मी पडदा धुऊन येते. खारं पाणी आत राहिलं तर तो खराब होतो."

"थांबू का?"

"नको. एसटी चुकेल."

तो दारात घुटमळला, मग माळ ओलांडून रस्त्याकडे चालू लागला. एसटी धूळ उडवत आली, थांबली, निघून गेली. मुनीराने पंपाची नळी विहिरीच्या पाण्याच्या टाकीत सोडली आणि मोटार चालू केली.

गोजराबाई हात पुसत आत आली. "सायेब गेलं व्हय?"

"गेले. गोजराबाई, उद्या कोंडाजीला निरोप द्याल? म्हणावं, कोकणात जायचंय. सामान बांधायला लागेल."

"दीन की. जाताना त्येच्याच घरावरनं जाते." गोजराबाईने तिच्या तोंडाकडे बघितलं. उलट्या बादलीवर बसून राहिली.

पलीकडच्या नळीतून पाणी पडत राहिलं. बऱ्याच वेळाने गोजराबाईने त्याखाली ओंजळ धरली आणि घोट घेतला.

"गोडं झालं बाई. करा आता बंद."

मुनीरानेही ओंजळ धरली. चव घेतली. पदराने तोंड पुसलं.

"मला अजून खारट लागतंय," ती म्हणाली, आणि मोटार तशीच चालू ठेवली.