खिडकीतला आकडा

“हा आकडा कुणी बदलला?” सहदेवकाकांनी विचारलं.

उत्तमला वाटलं, काका खूश झाले. काकांच्या कोपर गावातल्या दोन खोल्यांच्या घरात त्याने नुकताच कॉम्प्युटर चालू करून दाखवला होता. त्याचा डबा, म्हणजे कॅबिनेट, सहा वर्षांपूर्वीचाच, पिवळट पडलेला. आत मात्र सगळं या सालचं, म्हणजे सत्त्याण्णवचं. नवाकोरा पेंटियम. डब्याच्या दर्शनी बाजूला काडेपेटीएवढी खिडकी होती आणि तिच्यात हिरवा आकडा पेटला होता. नव्व्याण्णव.

“मीच बदलला, काका. आधी एकसष्ट दाखवत होता. एकसष्ट स्पीडचं मशीन कधी आलंच नाही बाजारात. कुणीतरी चुकीचं लावून ठेवलेलं.”

काकांनी खिडकीशेजारचं बटण दाबलं. सहासष्ट आला. पुन्हा दाबलं. नव्व्याण्णव. मग ते हात मांडीवर ठेवून बसून राहिले. पडद्यावर काय दिसतंय, मशीन किती चपळ झालंय, याच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

उत्तमला राग आला. तीन दिवस तो या डब्याशी झगडत होता. आपल्या कॉम्प्युटरच्या दुकानात त्याने परोपरीने सांगून पाहिलं होतं की नव्या सामानाबरोबर नवा डबा असाच मिळतो, हा भंगारात टाका. काकांचं एकच पालुपद, डबा हाच राहील. नव्या डब्यांना खिडकी नसते ना, असंही त्यांनी दोनदा विचारून घेतलं होतं. नसते, म्हटल्यावर तर विषयच संपला. मग उत्तमने आतली भोकं जुळवली, नडणारा पत्रा कानशीने घासला, बोट कापून घेतलं. वर स्वतःच्या हौसेने आकडा वाढवून दिला. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

तसं त्या आकड्यात काही राम नव्हता. लोकांना वाटायचं, खिडकी मशीनचा वेग मोजते. ती काहीच मोजत नसे. तिच्या पाठीमागे बारीक पिना असत. त्यांच्यावर इवल्याशा टोप्या हव्या तशा बसवायच्या, की हवा तो आकडा. एक आकडा बटण वर असतानाचा, दुसरा दाबल्यावरचा. सगळ्या दुकानदारांना हे ठाऊक होतं. गिऱ्हाइकांना कुणी सांगत नसे.

“असं मला नको हे,” काका म्हणाले. “पहिल्यासारखं कर.”

“पहिल्यासारखं म्हणजे एकसष्ट?”

“नाही. बासष्ट कर. गेल्या मंगळवारी मी बासष्टचा झालो.”

एकसष्ट आणि बटण दाबलं की पंचावन्न, असे आकडे होते डब्यात. आत्ता कुठे उत्तमच्या डोक्यात प्रकाश पडला. नवराबायकोची वयं होती ती. त्याला हसू आलं आणि राग कुठल्या कुठे गेला. इतक्या वर्षांत त्याने खिडकीत सगळे आकडे लावले होते, वय कुणाचंच लावलं नव्हतं.

त्याने झाकण उघडलं. पिना पार कोपऱ्यात होत्या, तिथे अंधार. काकांनी न सांगता फळीवरची टॉर्च आणली. उत्तम मशीनसमोरच्या उशी बांधलेल्या खुर्चीत बसायला गेला, तर काकांनी त्याला स्टुलाकडे खूण केली. त्या खुर्चीसमोर, कीबोर्डशेजारी बायकी चष्म्याचं घर होतं. काकू बाजारात गेल्या असतील, असं उत्तमने मनाशी धरलं.

काकांनी प्रकाश नेमका पिनांवर धरला. हात जराही हलला नाही.

“सवय दिसतेय तुम्हाला,” उत्तम म्हणाला.

मग काका बोलायला लागले. हे खूळ त्यांच्या बायकोचं, मालनचं. मशीन घेतलं तेव्हा काका ठाण्याच्या कोर्टात स्टेनो होते. खिडकीत चाळीस आला होता. ती म्हणाली, चाळिशी तर आपली केव्हाच सरली, हे मशीन खोटं बोलतंय. तिने मेकॅनिकला बोलण्यात गुंतवून पिनांचं गुपित काढून घेतलं. तेव्हापासून दर वाढदिवसाला झाकण उघडायचं. काकांनी टॉर्च धरायची, मालनने भरतकामाच्या सुईने टोप्या हलवायच्या. काकांची बोटं जाडी, त्यांना ते कधी जमलंच नाही. त्या मंगळवारी एकट्याने करून पाहिलं, तर सुई भलतीकडेच टेकली आणि मशीन बंद पडलं.

म्हणजे मशीन जुनं होऊन बिघडलं नव्हतं तर. उत्तमला गंमत वाटली. त्याने चिमट्याने टोप्या बसवल्या. खिडकीत बासष्ट उजळला. काकांनी तो नीट पाहून घेतला, मान डोलावली.

“आता काकूंचं,” उत्तम बटण दाबत म्हणाला. त्याने बोटांवर हिशेब केला. गेल्या खेपेला एकसष्ट आणि पंचावन्न. “छप्पन लावतो. चालेल ना? की त्यांचा वाढदिवस व्हायचाय अजून?”

टॉर्चचा प्रकाश पहिल्यांदाच हलला.

“पंचावन्नच लाव,” सहदेवकाका म्हणाले. “मालन आता मोठी होत नाही रे.”